चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ

चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ (जन्म : ९ एप्रिल १८६५, ब्रेस्लाउ, प्रशिया, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९२३, स्केनेक्टडी, न्यू यॉर्क राज्य, अमेरिका) हे प्रशियात जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ व विद्युत अभियंते होते. लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वाच्या उलटापालटीमुळे किती ऊर्जा वाया जाते हे आधीच सांगणारा नियम, प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाचे गणित सुलभ करणारी संमिश्र संख्यांची पद्धत आणि वीजवाहिन्यांतील क्षणिक लाटांचा व आकाशातील विजेचा अभ्यास ही त्यांची तीन प्रमुख कार्ये होत. विद्युत यंत्र आधी बांधून मग त्याचे दोष शोधण्याच्या प्रथेऐवजी, ते कागदावर गणित मांडून आखता येऊ लागले, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. आजच्या कारखान्यांतील प्रोग्रॅमेबल नियंत्रकांना (पीएलसी) वीज पुरवणाऱ्या मॉड्यूलांची रचना करतानाही त्यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण वापरले जाते.

बालपण आणि शिक्षण

स्टाइनमेट्झ यांचे मूळ नाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. त्यांचा जन्म ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. त्यांचे वडील कार्ल हाइन्रिख हे रेल्वेच्या सेवेत शिळामुद्रक होते. कार्ल एक वर्षाचा असतानाच त्याची आई वारली आणि आजीने त्याला वाढवले. पाठीचे कुबड आणि कमरेच्या सांध्यातील व्यंग त्यांना जन्मतःच होते. वडील व आजोबा यांनाही हाच विकार होता. प्रौढपणी त्यांची उंची सुमारे ४ फूट होती.

शालेय वयात गणित व अभिजात भाषा या विषयांत त्यांनी विशेष प्रावीण्य दाखवले. १८८३ मध्ये त्यांनी ब्रेस्लाउ विद्यापीठात प्रवेश घेतला व तेथे गणित, भौतिकी, रसायनशास्त्र आदी विषयांचा अभ्यास केला. विद्यार्थ्यांच्या गणित मंडळात त्यांना प्रोटिअस हे टोपणनाव मिळाले. ग्रीक पुराणकथांतील प्रोटिअस हा हवे ते रूप धारण करू शकणारा सागरातील वृद्ध देव होय. पुढे अमेरिकेत गेल्यावर कार्लचे चार्ल्स करताना त्यांनी हे टोपणनाव आपल्या नावात कायमचे समाविष्ट केले.

देशत्याग

त्या काळात जर्मनीत बिस्मार्क यांनी १८७८ मध्ये आणलेले समाजवादविरोधी कायदे लागू होते. विद्यार्थिदशेतच स्टाइनमेट्झ समाजवादी चळवळीकडे ओढले गेले व ब्रेस्लाउमधील एका समाजवादी वृत्तपत्राच्या संपादनात सहभागी झाले. त्यामुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर वळली. १८८८ मध्ये पीएच. डी. चा प्रबंध जवळपास पूर्ण झाला असताना अटक टाळण्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले आणि पदवी राहून गेली. ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले व तेथील तंत्रविद्यालयात त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचा काही काळ अभ्यास केला.

१८८९ मध्ये ऑस्कर आस्मुसेन या मित्रासोबत ते जहाजाने न्यू यॉर्कला पोहोचले. पैसा नाही, इंग्रजी जेमतेम आणि शरीर व्यंगयुक्त, अशा परिस्थितीत बंदरावरील अधिकारी त्यांना परत पाठवण्याच्या बेतात होते. आस्मुसेन यांनी त्यांची जबाबदारी घेतल्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला.

योंकर्स येथील कार्य आणि हिस्टेरेसिसचा नियम

न्यू यॉर्कजवळील योंकर्स येथे रुडॉल्फ आइकमायर यांच्या कारखान्यात स्टाइनमेट्झ यांना आरेखकाची नोकरी मिळाली. आइकमायर हे स्वतः १८४८ च्या जर्मन क्रांतीनंतर देश सोडून आलेले होते. टोप्या बनवण्याची यंत्रे हा त्यांचा मूळ व्यवसाय असला, तरी त्या काळी ते विद्युत चलित्रेही (मोटर) तयार करत. त्यांनी या तरुण आरेखकाला कारखान्यातच प्रयोगासाठी जागा व साधने दिली.

विद्युत यंत्रांच्या निर्मात्यांपुढे तेव्हा एक मोठी अडचण होती. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा चलित्र यांच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकत्व प्रत्यावर्ती प्रवाहाबरोबर सतत उलटसुलट होते. लोखंड हा बदल तत्काळ स्वीकारत नाही, ते मागे रेंगाळते. या रेंगाळण्याला ब्रिटिश भौतिकीविज्ञ जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी हिस्टेरेसिस हे नाव दिले होते. चुंबकत्वाच्या प्रत्येक आवर्तनात या रेंगाळण्यापायी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ती किती, हे यंत्र तयार होऊन तापू लागेपर्यंत कळत नसे. गाभा अधिक तापला, तर यंत्र मोडून पुन्हा बांधावे लागे.

स्टाइनमेट्झ यांनी आधी यूइंग यांच्या प्रकाशित मापनांचा अभ्यास केला आणि नंतर लोखंड व पोलाद यांच्या अनेक नमुन्यांवर स्वतः मोजमापे घेतली. प्रत्येक आवर्तनातील हानी ही कमाल चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. म्हणजे चुंबकीय घनता दुप्पट केली, तर हिस्टेरेसिसमुळे होणारी हानी सुमारे तिप्पट होते. पदार्थापदार्थांतील फरक दाखवण्यासाठी त्यांनी एक गुणांक ठेवला, आणि गाभ्यात फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे होणारी हानी वेगळी काढली. जानेवारी १८९२ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंता संस्थेपुढे त्यांनी हा नियम मांडला. त्या वेळी त्यांचे वय २६ वर्षे होते. हा नियम मूलभूत सिद्धांतातून निघालेला नव्हता. तो मोजमापांतून मिळालेला अनुभवजन्य नियम होता. तथापि त्यामुळे गाभ्याचा आकार, पत्र्याचा प्रकार आणि यंत्राचे तापणे यांचा अंदाज कारखान्यात काम सुरू होण्यापूर्वी बांधता येऊ लागला.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित

एकदिश प्रवाहाच्या मंडलात दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध साध्या भागाकाराने मिळतो. प्रत्यावर्ती मंडलात तसे होत नाही. वेटोळे असेल तर प्रवाह दाबाच्या मागे पडतो आणि धारित्र (कपॅसिटर) असेल तर दाबाच्या पुढे जातो. त्यामुळे दोन्ही राशींच्या मूल्यांबरोबरच त्यांच्यातील कलांतरही (फेज) विचारात घ्यावे लागते. १८९० च्या सुमारास अभियंते यासाठी आलेख काढत किंवा प्रत्येक मंडलासाठी अवकल समीकरणे सोडवत. हे काम वेळखाऊ होते व मोजक्यांनाच जमत असे.

ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी यावर उपाय मांडला. लयबद्ध बदलणारा दाब किंवा प्रवाह एकाच संमिश्र संख्येने (सदसत् संख्या) दर्शवता येतो आणि तिच्यात मूल्य व कला ही दोन्ही सामावतात, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे कलनाचा प्रश्न बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांवर आला. आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी प्रत्यावर्ती मंडलाच्या एकूण विरोधासाठी अशा संख्यांचा वापर सुचवला होता. स्टाइनमेट्झ यांनी मात्र ही पद्धत वीजवाहिन्या, रोहित्रे, जनित्रे आणि चलित्रे अशा सर्वांना लावून दाखवली.

नवी पद्धत आरंभी फार थोड्यांना समजली. म्हणून त्यांनी अर्न्स्ट बर्ग यांच्या साहाय्याने प्रत्यावर्ती प्रवाहाच्या सिद्धांतावर व गणनेवर एक ग्रंथ लिहिला. तो १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर अभियांत्रिकीच्या गणितावर व विद्युत यंत्रांवर त्यांनी आणखी ग्रंथ लिहिले. आज विद्युत अभियांत्रिकीच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यावर्ती मंडले याच पद्धतीने शिकवली जातात.

जनरल इलेक्ट्रिक आणि स्केनेक्टडी

आइकमायर यांचा व्यवसाय जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने विकत घेतला, तेव्हा स्टाइनमेट्झ यांची सेवाही तिच्याकडे गेली. १८९३ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे आणि १८९४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे गेले. तेथे त्यांच्याकडे गणन विभागाचे नेतृत्व आले. यंत्रांच्या आराखड्यांची गणिते या विभागात होत. पुढे कंपनीचे सल्लागार अभियंते म्हणून ते अखेरपर्यंत कार्यरत राहिले. त्यांच्या नावावर सुमारे २०० पेटंटे आहेत.

उत्पादनाच्या दैनंदिन धावपळीपासून दूर असलेली संशोधन प्रयोगशाळा कंपनीने उभारावी, यासाठी त्यांनी आग्रह धरला. १९०० मध्ये अशी प्रयोगशाळा स्थापन झाली. विलिस व्हिटनी हे तिचे पहिले संचालक होते आणि तिचे पहिले काम स्टाइनमेट्झ यांच्या घरामागील गाडीखान्यात सुरू झाले. अमेरिकी उद्योगातील आरंभीच्या संशोधन प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते.

१९०१-०२ या वर्षी ते अमेरिकन विद्युत अभियंता संस्थेचे अध्यक्ष होते. १९०२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने व १९०३ मध्ये स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. ब्रेस्लाउला हुकलेली पीएच. डी. अशा रीतीने त्यांच्या नावापुढे लागली. युनियन कॉलेजात त्यांनी १९०२ पासून विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापन केले व हा विभाग नावारूपाला आणला.

क्षणिक लाटा आणि कृत्रिम वीज

लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्या वाढू लागल्या, तशी एक नवी समस्या पुढे आली. कळ उघडताना किंवा मिटताना, तसेच जवळ वीज पडली असता, वाहिनीत सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता दाब कित्येक पट वाढे आणि रोहित्रांची विद्युतरोधक आवरणे जळत. प्रवाह स्थिरावलेला असताना उपयोगी पडणारी संमिश्र संख्यांची पद्धत येथे अपुरी होती. स्टाइनमेट्झ यांनी या क्षणिक घटनांचे वेगळे गणित मांडले व १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मोहॉक नदीच्या परिसरात त्यांची एक साधी लाकडी झोपडी होती व सुटीचा बराच काळ ते तेथे काम करत. १९२० मध्ये या झोपडीवर वीज पडली आणि आतील आरसा फुटला. त्यांनी आरशाचे तुकडे जमवून पुन्हा जुळवले आणि त्यांवरील खुणांवरून विजेचा मार्ग अभ्यासला. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम वीज निर्माण करणारे यंत्र उभारले. त्यात विद्युत ऊर्जा काचेच्या तावदानांच्या मोठ्या धारित्र-संचात साठवून एका क्षणात मोकळी केली जाई. या यंत्राचा दाब १ लाख व्होल्टपेक्षा अधिक होता. १९२२ मध्ये त्याचे प्रयोग जाहीरपणे दाखवण्यात आले. लाकडाचे ओंडके त्याच्या आघाताने फुटत. वीजवाहिन्यांवर बसवायच्या तडितरक्षकांची चाचणी घेणे हा या यंत्रामागचा मुख्य हेतू होता. त्याच वर्षी टॉमस एडिसन यांनीही स्केनेक्टडीला भेट देऊन हे प्रयोग पाहिले.

समाजवादी विचार व सार्वजनिक जीवन

एका बलाढ्य खासगी कंपनीत उच्च पदावर असूनही स्टाइनमेट्झ यांनी समाजवादावरील निष्ठा सोडली नाही. विजेमुळे कष्टाची कामे कमी होतील, कामाचे तास घटतील आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनातूनच सहकारी समाजव्यवस्था आकाराला येईल, अशी त्यांची धारणा होती. मोठ्या कंपन्यांकडे ते या संक्रमणातील एक टप्पा म्हणून पाहत. त्यांची ही भूमिका अनेक समाजवाद्यांना मान्य नव्हती.

१९११ मध्ये स्केनेक्टडीचे महापौर म्हणून समाजवादी पक्षाचे जॉर्ज लन निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत स्टाइनमेट्झ शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. कारखान्यांमुळे शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली होती व शाळांत जागा पुरत नव्हती. नव्या शाळागृहांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. पुढे ते नगर परिषदेचेही अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या राज्य अभियंता पदासाठी निवडणूक लढवली, परंतु त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी त्यांनी लेनिन यांना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणासाठी साहाय्य देऊ केले. लेनिन यांनी आभारपूर्वक उत्तर पाठवले. प्रत्यक्ष सहकार्य मात्र घडून आले नाही.

व्यक्तिगत जीवन

स्टाइनमेट्झ अविवाहित राहिले. आपले व्यंग पुढील पिढीत उतरू नये, हे त्यामागील कारण मानले जाते. त्यांचे प्रयोगशाळेतील साहाय्यक जोसेफ लेरॉय हेडन हे विवाहानंतर पत्नी कोरीन यांच्यासह त्यांच्या घरी राहू लागले. पुढे स्टाइनमेट्झ यांनी हेडन यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले. हेडन दांपत्याची तीन मुले त्यांना आजोबा मानत व त्या मोठ्या घरात त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. घराला जोडलेल्या काचगृहात त्यांनी निवडुंगाचे नाना प्रकार लावले होते. सुसरीच्या जातीचे व इतर सरपटणारे प्राणीही त्यांनी पाळले होते.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका विशेष प्रसिद्ध आहे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील बिघडलेल्या जनित्रावर त्यांनी खडूने एक खूण केली आणि देयकात खुणेचे मूल्य नाममात्र, तर ती कोठे करायची या ज्ञानाचे मूल्य हजारो डॉलर लावले, असे सांगितले जाते. अशाच कथा इतर अभियंत्यांच्या नावावरही सांगितल्या जातात, त्यामुळे ती ऐतिहासिक घटना म्हणून धरता येत नाही.

मृत्यू

१९२३ च्या शरद ऋतूत हेडन कुटुंबासह ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवास करून परतले. प्रवासाने ते थकले होते. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी सकाळी स्केनेक्टडी येथील राहत्या घरी वयाच्या ५८ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेथील व्हेल दफनभूमीत त्यांचा दफनविधी झाला.

औद्योगिक नियंत्रकांच्या वीजपुरवठ्यातील वारसा

कारखान्यातील यंत्रे चालवणारा पहिला प्रोग्रॅमेबल नियंत्रक स्टाइनमेट्झ यांच्या मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळाने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. अशा नियंत्रकातील संवेदक व रिले यांना सामान्यतः २४ व्होल्ट आणि आतील इलेक्ट्रॉनिक मंडलांना ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी एकदिश दाब लागतो. हा दाब पुरवणे हे वीजपुरवठा मॉड्यूलचे काम असते. दाब क्षणभर जरी मर्यादेखाली गेला, तरी नियंत्रकाचा प्रक्रियक थांबतो आणि त्याबरोबर संपूर्ण यंत्रमाला थांबू शकते. स्टाइनमेट्झ यांची तिन्ही कार्ये या मॉड्यूलच्या रचनेत उपयोगी पडतात.

मॉड्यूलमध्ये २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश केला जातो. त्यामुळे सुमारे ३२५ व्होल्टचा दाब मिळतो. तो इलेक्ट्रॉनिक कळींच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा तोडून एका लहान रोहित्राला देतात आणि रोहित्रातून आलेला कमी दाब पुन्हा एकदिश करतात. वारंवारता जितकी अधिक, तितके रोहित्र लहान होते, परंतु त्याच्या फेराइट गाभ्यातील हानीही वाढते. ही हानी वारंवारता व चुंबकीय घनता यांच्या घातांवरून काढण्याच्या सूत्राला स्टाइनमेट्झ समीकरण म्हणतात. फेराइटसाठी घातांक १.६ नसतो. तो पदार्थाप्रमाणे बदलतो व उत्पादकांच्या मापनांवरून घेतला जातो. मूळ सूत्र लयबद्ध बदलणाऱ्या प्रवाहासाठी असल्याने, तोडलेल्या प्रवाहासाठी पुढील संशोधकांनी त्याची सुधारित रूपे दिली आहेत.

या गणनेचे महत्त्व एका उदाहरणावरून लक्षात येते. २४ व्होल्ट व ५ अँपिअर म्हणजे १२० वॅट देणाऱ्या मॉड्यूलची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर सुमारे १३ वॅट उष्णता बंद नियंत्रण पेटीतच साठते. गाभ्यातील हानी हा तिचा एक भाग असतो. तापमान वाढले की आतील विद्युत अपघटनी धारित्रांचे आयुष्य झपाट्याने घटते. १० अंश सेल्सिअसच्या वाढीने ते साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून हानीचा अंदाज आधीच घेणे अपरिहार्य ठरते. प्रवेशद्वाराशी बसवलेल्या गाळण्यांचे गणित संमिश्र संख्यांनी केले जाते. जवळची चलित्रे सुरू-बंद होताना किंवा वीज पडल्यावर येणाऱ्या दाबाच्या लाटा मॉड्यूलने सोसाव्या लागतात आणि पुरवठा क्षणभर खंडित झाल्यास धारित्रातील साठ्यावर काही मिलिसेकंद तग धरावा लागतो. या दोन्ही बाबी क्षणिक घटनांच्या गणितात मोडतात.

सन्मान व स्मारके

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेतर्फे विद्युत क्षेत्रातील मानके तयार करण्याच्या कार्यासाठी स्टाइनमेट्झ यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. १९८३ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने संशोधकांवर काढलेल्या तिकीटमालेत निकोला टेस्ला, एडविन आर्मस्ट्राँग व फिलो फार्न्सवर्थ यांच्यासह त्यांचाही समावेश केला. मोहॉक परिसरातील त्यांची झोपडी आज मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथील ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात जतन केलेली आहे, तर त्यांची १९१४ ची विजेवर चालणारी मोटारगाडी युनियन कॉलेजात आहे. २०१५ मध्ये स्केनेक्टडी शहरात एडिसन आणि स्टाइनमेट्झ यांचे पूर्णाकृती पुतळे शेजारी शेजारी उभारण्यात आले.